वात, तार आणि वाफ : व्हेप-उपकरणांतील ‘स्पिटबॅक’ आणि ‘फ्लडिंग’ यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

विजेच्या उष्णतेने द्रवाची वाफ करून ती श्वासावाटे ओढण्याची जी उपकरणे ई-सिगारेट किंवा व्हेप या नावांनी ओळखली जातात, त्यांचा आकार, किंमत आणि बनावट गेल्या दोन दशकांत कितीही बदलली असली, तरी वापरणाऱ्यांची दोन गाऱ्हाणी मात्र टिकून राहिली आहेत. पहिले असे, की झुरका घेताना तडतड आवाज होतो आणि गरम द्रवाचे थेंब मुखनळीतून ओठांवर, जिभेवर, क्वचित थेट घशात येऊन आदळतात. यालाच ‘स्पिटबॅक’ म्हणतात. दुसरे असे, की तापणाऱ्या तारेभोवतीची जागा द्रवाने भरून जाते, झुरक्याबरोबर गुडगुड ऐकू येते, वाफ विरळ आणि कोमट होते, आणि थोड्याच वेळात हवेच्या छिद्रांतून द्रव ठिबकू लागतो. याला ‘फ्लडिंग’, अर्थात कॉइल (या तारेचे वेटोळे) तुंबणे, असे म्हटले जाते. दोन्ही बिघाड किरकोळ समजले जातात, कारण उपकरण पूर्ण बंद पडत नाही. परंतु ज्या द्रवात निकोटिनसारखे विषारी द्रव्य मिसळलेले आहे, तो द्रव वाफेच्या रूपात जाण्याऐवजी उकळत्या थेंबांच्या रूपात तोंडात जाणे किंवा हातावर सांडत राहणे ही गोष्ट किरकोळ मानण्यासारखी नाही, आणि म्हणूनच या बिघाडांची मुळे नीट समजून घेण्याची गरज आहे.

या विषयावरील प्रचलित मार्गदर्शन प्रत्येक लक्षणाला एकेक उतारा जोडून मोकळे होते : थेंब उडत असतील तर वॅट वाढवावेत, गळत असेल तर दाट द्रव वापरावा, गुडगुड होत असेल तर कॉइल बदलावी. हे उपाय पुष्कळदा लागू पडतात आणि तितक्याच वेळा दुसरा बिघाड उभा करतात, कारण त्यांच्यामागचा विचार लक्षणापाशीच थांबलेला असतो. प्रस्तुत विवेचनाची भूमिका अशी आहे, की या उपकरणात मुळात एकच तोल सांभाळायचा असतो : द्रव शोषून घेणाऱ्या कापसाच्या वातीतून तारेपर्यंत द्रव पोचण्याचा वेग आणि तारेवर त्या द्रवाची वाफ होण्याचा वेग यांचा. पहिल्याला पुरवठा आणि दुसऱ्याला खप म्हटले, तर पुरवठा खपापेक्षा वाढला की कॉइल तुंबते. खप पुरवठ्यापेक्षा वाढला की वात कोरडी पडून करपते. आणि थेंब उडणे हे बहुतेक वेळा तुंबण्याचे पहिले, कानाला ऐकू येणारे चिन्ह असते. तेव्हा दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी पुरवठा वाढला आहे की खप घटला आहे, हा प्रश्न विचारावाच लागतो, आणि तो न विचारता केलेला प्रत्येक उपाय हा अंदाज असतो.

विषयात शिरण्यापूर्वी त्याची चौकट सांगणे आवश्यक आहे. भारतात ही उपकरणे बाजारातील वस्तू नाहीत. सप्टेंबर २०१९ मध्ये निघालेल्या अध्यादेशाने आणि त्यानंतर त्याच वर्षी संसदेने संमत केलेल्या अधिनियमाने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात या सर्वांवर देशभर बंदी घातली. साठवण वगळता इतर बाबींतील पहिल्या अपराधासाठी एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. म्हणून पुढील चर्चा जिथे ही उपकरणे कायद्याच्या नियंत्रणाखाली विकली जातात त्या देशांतील, विशेषतः ब्रिटन आणि युरोपीय संघातील, वापराला धरून आहे. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत सिगारेट सोडण्यासाठी या साधनाकडे वळलेली माणसे आहेत, आणि त्यांना हे विवेचन थेट उपयोगी पडेल. इतर वाचकांसाठी ते द्रव, उष्णता आणि हवा यांच्या वागणुकीचा एक बोलका नमुना म्हणून वाचता येण्यासारखे आहे. निकोटिनचे व्यसन नसलेल्याने या साधनाच्या वाटेला जाऊ नये, हे मात्र आरंभीच निःसंदिग्धपणे नोंदवले पाहिजे.

तंबाखू न जाळता धुराची जागा घेणारे काही तयार करण्याची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ मध्ये धूरविरहित सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६५ मध्ये त्यांना ते मिळाले; परंतु ते साधन बाजारात रुजले नाही. आजच्या उपकरणाची परंपरा सुरू होते ती चीनमधील औषधनिर्माणतज्ज्ञ होन लिक यांच्यापासून. त्यांनी २००३ च्या सुमारास जी रचना मांडली तिच्यात द्रवाचे बारीक तुषार करण्याचे काम दाबविद्युत स्फटिकाच्या श्राव्यातीत कंपनांवर सोपवलेले होते. पुढे ती पद्धत मागे पडली आणि विजेने तापणारी तार व तिला लागून असलेली वात ही साधी, स्वस्त जोडी सर्वत्र स्थिरावली. या बदलाबरोबरच प्रस्तुत विषयाचा जन्म झाला असे म्हणता येईल, कारण वात आली की केशाकर्षण आले, म्हणजे बारीक फटींतून द्रव आपोआप पुढे सरकण्याचा गुणधर्म आला, आणि तो सरकण्याचा वेग हाताने थांबवता येत नाही. तो द्रवाच्या, कापसाच्या आणि तापमानाच्या स्वभावावर अवलंबून राहतो.

द्रवाचा स्वभाव त्याच्या दोन मुख्य घटकांनी ठरतो. प्रोपिलीन ग्लायकॉल हा त्यांतला पातळ घटक असून तो १८८ अंश सेल्सिअसला उकळतो. ग्लिसरीन हा दाट घटक असून त्याचा उत्कलनबिंदू २९० अंशांच्या आसपास आहे. या दोघांच्या मिश्रणात निकोटिन, सुगंधी द्रव्ये आणि थोडे पाणी असते. शिवाय ग्लिसरीन हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे उघड्या राहिलेल्या बाटलीतील पाण्याचे प्रमाण वाढत जाते. द्रवाच्या वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध म्हणजे श्यानता, आणि इथे दोन घटकांतील फरक फार मोठा आहे : २५ अंशांना ग्लिसरीनची श्यानता प्रोपिलीन ग्लायकॉलच्या वीसपटीहूनही अधिक भरते. निम्मे-निम्मे मिश्रण आणि सत्तर टक्के ग्लिसरीन असलेले मिश्रण हे बाटलीत सारखे दिसले, तरी वातीच्या दृष्टीने ते दोन निराळे पदार्थ असतात. त्याहून महत्त्वाची आणि सहसा दुर्लक्षित राहणारी गोष्ट तापमानाची आहे. २० अंशांवरून ६० अंशांवर नेल्यास ग्लिसरीनची श्यानता सुमारे सतरापट घटते. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ठेवलेले उपकरण तासाभराने हातात घेतल्यावर गळलेले आढळते, तेव्हा त्यात काही मोडलेले नसते. आत आता तोच द्रव राहिलेला नसतो, इतकेच.

तारेच्या बाजूने पाहता खप ठरवणारी राशी म्हणजे शक्ती, अर्थात वॅट. लिथियम बॅटरीचा सरासरी विद्युतदाब ३.७ व्होल्ट धरला आणि कॉइलचा रोध १.२ ओहम असला, तर सुमारे ११ वॅट शक्ती मिळते, उलट ०.१५ ओहमच्या कॉइलमध्ये ६० वॅट शक्ती खर्च करायची तर २० अँपिअर विद्युतधारा वाहावी लागते. पहिल्या प्रकारची कॉइल सिगारेटसारखा तोंडात धरून ओढलेला हलका झुरका गृहीत धरून बनवलेली असते, तिच्या वातीची भोके लहान असतात आणि तिला पातळ द्रव लागतो. दुसऱ्या प्रकारात, ज्याला रोध एक ओहमखाली असल्यामुळे ‘सब-ओहम’ म्हणतात, भोके मोठी असतात, कापूस भरपूर असतो आणि द्रव दाट असणे अपेक्षित असते. पातळ द्रव मोठ्या भोकांच्या कॉइलमध्ये भरणे हे तुंबण्याचे एक अत्यंत सामान्य कारण आहे, आणि नवखा माणूस ते उपकरणाचा दोष समजून नवे उपकरण घेतो व त्यातही तोच द्रव ओततो.

परंतु वात आणि तार यांच्या पलीकडे तिसरा एक भागीदार आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नसल्यामुळे बहुतेकांच्या हिशेबातून सुटतो : द्रव साठवणाऱ्या टाकीच्या वरच्या भागात कोंडलेली हवा. टाकीतील द्रव वातीवाटे बाहेर पडला की मागे उरलेल्या जागेत हवेचा दाब किंचित कमी होतो, आणि बाहेरच्या व आतल्या दाबातील हा बारीक फरकच द्रवाला धरून ठेवतो. फरक एका मर्यादेपलीकडे गेला की ओल्या वातीतून हवेचा एक बुडबुडा आत शिरतो, दाब थोडा सावरतो, आणि मगच पुढचा द्रव खाली उतरतो. शाईच्या पेनची रचना नेमकी हीच असते. न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमन यांनी १८८४ मध्ये ज्या पेनचे पेटंट घेतले, त्याचे वैशिष्ट्य शाई उतरते त्याच वाटेने हवेला परत येऊ देणे हे होते. आणि शाई संपत आलेले पेन खिशातील उबेने का ओघळते, याचे उत्तरही तिथेच आहे, कारण रिकाम्या जागेतील हवा तापून पसरते व उरलेल्या शाईला बाहेर लोटते. व्हेपची टाकीही अर्धी रिकामी असताना अधिक गळते ती याच कारणाने. विमानप्रवासात हा प्रकार ठळकपणे दिसतो. बॅटरीला आग लागण्याच्या धोक्यामुळे ही उपकरणे सामानाच्या कक्षात न ठेवता प्रवाशाने स्वतःजवळच बाळगावीत असा आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीचा नियम २०१५ पासून आहे. प्रवासी कक्षातील हवेचा दाब मात्र उड्डाणात सुमारे २,४०० मीटर उंचीवरील दाबाइतका खाली येऊ शकतो. तो जमिनीवरील दाबाच्या तीन चतुर्थांश असल्याने टाकीत एक मिलिलिटर हवा असेल तर ती जवळजवळ एक तृतीयांशाने फुगू पाहते आणि तितका द्रव कॉइलमधून बाहेर ढकलला जातो. उतरल्यावर घेतलेला पहिला झुरका तोंड भाजतो तो यामुळे. प्रवासापूर्वी टाकी पूर्ण रिकामी करून पुसून ठेवणे हा त्यावरचा खात्रीचा उपाय आहे.

हीच हवाबंद जागा बिघडण्याचा दुसरा मार्ग म्हणजे रबरी कड्या. टाकीच्या झाकणाशी, काचेच्या दोन्ही टोकांशी आणि कॉइलच्या मानेशी बारीक ओ-रिंग बसवलेल्या असतात. त्यांपैकी वरची एखादी चिरली, मुरडली किंवा झाकण फिरवताना खाचेतून सरकली, की आतला कमी दाब टिकत नाही, बाहेरची हवा वरून सतत आत येते आणि द्रव खालून सतत उतरतो. गळती तळाशी दिसते आणि दोष वर असतो, ही या उपकरणाची खोडी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तळाचे भाग घट्ट करत बसणाऱ्याला ती कधीच सापडत नाही.

आता एका झुरक्याच्या तीन-चार सेकंदांत तारेवर काय घडते ते जवळून पाहिले पाहिजे. वात योग्य प्रमाणात ओली असेल, तर सुमारे ०.४ मिलिमीटर जाडीच्या तारेवर द्रवाचा अगदी पातळ थर असतो; बटण दाबताच तो थर तापतो, त्याची वाफ विनाअडथळा वर निघते, चिमणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मधल्या नळीत थंड हवेला मिळून तिचे सूक्ष्म कण बनतात, आणि तेच ढगासारखे दिसतात. एका झुरक्यात काही मिलिग्रॅम द्रव जातो. परंतु तारेच्या वेढ्यांमध्ये आणि कॉइलच्या पोकळीत द्रव साचलेला असेल, तर वाफ तारेच्या पृष्ठभागावर, द्रवाच्या खाली तयार होते. पाण्यासारखे आधी उकळणारे घटक प्रथम बुडबुडे धरतात, बुडबुडा फुगतो, वरच्या द्रवाचा पडदा ताणतो, फुटतो, आणि फुटताना त्या पडद्याच्या चिंध्या थेंब होऊन उडतात. चिमणीची रुंदी अवघी काही मिलिमीटर असते आणि त्याच क्षणी माणूस हवा वर ओढत असतो. थेंबाला भिंतीवर आपटून थांबण्याची संधी फार थोडी मिळते. आखूड, सरळ आणि रुंद मुखनळी असलेल्या उपकरणांत स्पिटबॅक जास्त का जाणवतो, आणि आत जाळी किंवा वळणदार पट्टी बसवलेल्या मुखनळीने तो कमी का होतो, याचा उलगडा इथे होतो. अर्थात जाळी थेंब अडवते. तुंबलेली कॉइल तशीच राहते.

तापलेल्या तारेभोवती द्रव कसा उकळतो याचा पहिला शिस्तबद्ध अभ्यास जपानचे शिरो नुकियामा यांनी केला आणि १९३४ मध्ये प्रसिद्ध केला. पाण्यात बुडवलेल्या बारीक तारेतून वीज सोडून ती वाढवत नेली असता प्रथम बुडबुडे वाढत जातात आणि उष्णता झपाट्याने द्रवाकडे जाते. मात्र एका मर्यादेनंतर तारेभोवती वाफेचेच वेष्टन तयार होते, उष्णता बाहेर पडेनाशी होते आणि तारेचे तापमान एकदम उसळी घेते. त्यांच्या प्रयोगात निक्रोमची तार या टप्प्यावर वितळली, म्हणून पुढील प्रयोग अधिक तापमान सोसणाऱ्या प्लॅटिनमच्या तारेवर करावे लागले. हा प्रयोग व्हेपसाठी झालेला नव्हता हे उघड आहे, परंतु तुंबलेल्या कॉइलवर एकदम जास्त शक्ती सोडणे का अविचाराचे ठरते हे त्यातून जितके स्पष्ट होते तितके दुसऱ्या कशातून होत नाही. साचलेला द्रव जोराने उकळला म्हणजे वाफ अधिक होते असे नव्हे. बुडबुडे अधिक हिंसकपणे फुटतात आणि थेंब अधिक वर जातात. एकाच तारेऐवजी जाड गाभ्याभोवती बारीक तार गुंडाळून केलेल्या कॉइलमध्ये वेटोळ्यांच्या फटींत द्रव अडकून राहतो, म्हणून तिथे ही तडतड काही अंशी नेहमीचीच असते.

तुंबण्याच्या कारणांपैकी माणसाच्या सवयीतून येणारे कारण सर्वांत कमी सांगितले जाते, पण आढळते सर्वांत जास्त, असे मत इथे नोंदवणे योग्य ठरेल. सिगारेट ओढून सवय झालेला माणूस छातीत जोर लावून, आखूड आणि वेगाने ओढतो, कारण जळत्या तंबाखूला हवा जितकी जास्त तितका विस्तव फुलतो. इथे विस्तव नाही. इथे जोराने ओढल्यास कॉइलच्या पोकळीत दाब घटतो आणि टाकीतील द्रव वातीतून ओढला जातो, तापण्याला वेळ मिळण्याआधीच. हवेची छिद्रे जवळजवळ बंद करून ओढणाऱ्याच्या बाबतीत हा परिणाम दुणावतो. बटण न दाबता सवयीने झुरका घेऊन पाहणे म्हणजे तर निव्वळ द्रव उपसणेच होय. झुरका हळू, लांब आणि सम असावा, आणि बटण असलेल्या उपकरणात ते अर्धा-एक सेकंद आधी दाबून तार तापू द्यावी, एवढ्या बदलाने कित्येक उपकरणांचा ‘दोष’ नाहीसा होतो. यंत्रात काहीही न बदलता तोल सावरण्याचा हा मार्ग असल्याने तो सर्वांत आधी करून पाहावा.

भरण्याच्या वेळचा निष्काळजीपणाही असाच. टाकी काठोकाठ भरल्यास वर हवेला जागाच राहत नाही आणि झाकण लावताना दाबला गेलेला द्रव वातीत शिरतो. मधल्या चिमणीत चुकून गेलेला एखादा थेंब थेट तारेवर पडतो. म्हणून हवेची छिद्रे बंद करता येत असतील तर ती बंद करून, काठाशी थोडी जागा सोडून, नळकांड्याच्या कडेने भरावे, झाकण लावून टाकी क्षणभर उलटी धरावी, छिद्रे उघडावीत आणि मग सरळ करावी. नव्या कॉइलच्या कापसावर द्रवाचे दोन-चार थेंब टाकून, भरल्यावर पाच-दहा मिनिटे थांबण्याचा सल्ला रास्त आहे, परंतु थेंबांऐवजी कापूस भिजवून चिंब करणारे लोक पहिल्याच झुरक्याला तोंड भाजून घेतात.

प्रत्यक्ष तुंबलेली कॉइल मोकळी करण्याची कृती सोपी आहे, मात्र तिच्यातील क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम टाकी बॅटरीपासून वेगळी करावी, कारण ५१० या आकड्याने ओळखल्या जाणाऱ्या आट्यांच्या जोडणीतून द्रव खाली झिरपला तर तो विजेच्या संपर्कबिंदूवर बसतो. आणि झुरक्यानेच सुरू होणाऱ्या लहान पॉड-उपकरणांत तो हवेचा दाब ओळखणाऱ्या संवेदकापर्यंत पोचल्यास उपकरण आपोआप चालू होण्याचा धोका असतो. मुखनळी काढून, टिशू कागदाची घट्ट वळी करून ती चिमणीत अलगद खाली सोडावी. ती पोकळीतील द्रव शोषून वर येते. नंतर तळाची छिद्रे दुसऱ्या कागदावर धरून उपकरण मनगटाने दोन-तीनदा खाली झटकावे, किंवा छिद्रांना कागद लावून मुखनळीकडून हलकेच फुंकावे. जोडणी कोरडी पुसून बॅटरी लावल्यावर चेहरा दूर ठेवून, न ओढता, कॉइलवर छापलेल्या मर्यादेतील कमीत कमी शक्तीवर एकेका सेकंदाचे दोन-तीन ठोके द्यावेत. तडतड विरून फुसफुस असा सम आवाज येऊ लागला, की उरलेला जास्तीचा द्रव संपला असे समजावे. हात साबण-पाण्याने धुवावेत, कारण निकोटिन त्वचेतून शरीरात जाते, आणि वापरलेले कागद लहान मुलांच्या व पाळीव प्राण्यांच्या आवाक्यात राहता कामा नयेत.

यानंतरही दोन-चार झुरक्यांत गुडगुड परत आली, तर दोष सवयीत नसून जुळणीत आहे, आणि मग ओ-रिंग, कॉइलचे आटे, काचेचा तडा, द्रवाचे प्रमाण या वाटेने जावे लागते. जुनी कॉइल बहुधा करपून मरते, पण तिचा कापूस दबून बसला किंवा तारेपासून सुटला तर ती उलट पाझरूही लागते. ज्यांत तार आणि कापूस स्वतः बसवायचा असतो त्या उपकरणांत कापूस फार कमी असणे हेच तुंबण्याचे मूळ असते, कारण द्रवाला अडवणाराही तोच असतो. कापूस वेढ्यातून ओढताना किंचित अडखळावा, पण तार हलू नये, एवढा भरणे ही हाताच्या सरावाने येणारी गोष्ट आहे.

इथे त्या दुसऱ्या टोकाची आठवण ठेवली पाहिजे, ज्याकडे स्पिटबॅकला कंटाळलेला माणूस नकळत सरकतो. वॅट वाढवले, द्रव दाट केला, वातीची भोके आवळली, की तुंबणे थांबते. आणि पुरवठा अपुरा पडून तार वाजवीपेक्षा तापते. अति तापमानात प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड, अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलिन ही घातक संयुगे तयार होतात. जानेवारी २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका पत्राने यावर मोठा वाद निर्माण केला : ३.३ व्होल्टवर न आढळलेली फॉर्माल्डिहाइडजन्य संयुगे ५ व्होल्टवर ठळकपणे आढळल्याचे त्यात म्हटले होते, तर इतर संशोधकांनी असा आक्षेप घेतला, की त्या कॉइलवर इतका विद्युतदाब दिल्यास झुरका इतका करपट लागेल की कोणी तो ओढणारच नाही. वादाची बाजू कोणतीही धरली तरी दोन्ही पक्षांना मान्य असलेली गोष्ट प्रस्तुत विषयासाठी पुरेशी आहे : कोरडी वात धोक्याची असते. उडालेला थेंब ओठ भाजतो आणि लगेच कळतो. कोरड्या वातीचे नुकसान श्वासाबरोबर आत जाते. या दोहोंत निवड करण्याची वेळच येऊ नये, आणि आलीच तर थोडी तडतड सोसणे अधिक शहाणपणाचे आहे.

द्रव घरी दाट करण्याचा मोह तर पूर्णपणे टाळावा. अमेरिकेत २०१९ मध्ये फुप्फुसांच्या गंभीर आजाराची जी साथ उसळली, तीत फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. तपासात मुख्य संशय गांजातील टीएचसी या घटकाच्या बेकायदा द्रवांमध्ये भर म्हणून मिसळलेल्या व्हिटॅमिन-ई अ‍ॅसिटेट या तेलकट पदार्थावर स्थिरावला. तो पदार्थ द्रवाला दाटपणा देतो, आणि नेमका म्हणूनच तो वापरला गेला होता. कोणतेही तेल या उपकरणात घालणे म्हणजे ते फुप्फुसात घालणे होय.

गळतीचा प्रश्न कायद्यानेही गांभीर्याने घेतला आहे, ही बाब फारशी माहीत नसते. युरोपीय संघाच्या २०१४ च्या तंबाखू-उत्पादनविषयक निर्देशाने टाकीची क्षमता २ मिलिलिटर, भरणीच्या बाटलीची १० मिलिलिटर आणि निकोटिनचे प्रमाण दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम अशा कमाल मर्यादा घातल्या, आणि उपकरण न गळता भरता आले पाहिजे अशी अट घातली. ती अट पूर्ण कशी व्हावी हे २०१६ मध्ये तपशिलाने ठरवण्यात आले : बाटलीची तोटी किमान ९ मिलिमीटर लांब असावी, टाकीच्या तोंडात सैलसर बसण्याइतकी अरुंद असावी, आणि बाटली उभी धरली असता सामान्य तापमानाला तिच्यातून मिनिटाला २० पेक्षा अधिक थेंब पडू नयेत, किंवा बाटली टाकीला जोडल्याशिवाय द्रव सुटणारच नाही अशी योजना असावी. या कलमांमागे हातावर सांडलेल्या निकोटिनची रास्त काळजी आहे. ब्रिटनने १ जून २०२५ पासून एकदाच वापरून टाकण्याच्या व्हेपच्या विक्रीवर बंदी घातली, आणि त्यामुळे आजवर टाकी, कॉइल, भरणी यांच्याशी कधी संबंध न आलेला मोठा वर्ग पुन्हा भरता येणाऱ्या उपकरणांकडे वळला. त्या वर्गाला बाटलीवरचा इशारा मिळतो. वातीचा स्वभाव कोणी समजावून सांगत नाही.

शेवटी, प्रत्येक थेंब बिघाडाचा नसतो, हेही सांगितले पाहिजे. चिमणीच्या थंड भिंतीवर वाफेचा काही भाग पुन्हा द्रव होतो, मुखनळीच्या आत बारीक घामासारखा साचतो आणि अधूनमधून जिभेला लागतो. हा थेंब कोमट किंवा थंड असतो, त्याच्याबरोबर तडतड होत नाही आणि टाकीची पातळी त्यामुळे अकारण उतरत नाही. दिवसातून एकदा मुखनळी काढून ती आणि चिमणीचे तोंड पुसले की त्याचा बंदोबस्त होतो. उलट गरम, आवाजासह येणारा आणि झुरक्याच्या पहिल्याच क्षणी उडणारा थेंब कॉइलमधून आलेला असतो; आणि उपकरण नुसते ठेवून दिले असताना तळाखाली जमलेला, न तापलेला, टाकीतल्याच रंगाचा द्रव हा दाबाचा तोल सुटल्याचा पुरावा असतो. तपासाची सुरुवात या तिघांतील फरक ओळखण्यापासून करावी, आणि त्यासाठी उपकरण रात्रभर एका पांढऱ्या कागदावर उभे करून ठेवणे पुरते : सकाळी कागद कोरडा असेल तर ओढण्याची पद्धत, द्रव आणि वॅट तपासावेत, डाग असेल तर झाकण उघडून वरच्या ओ-रिंगपासून सुरुवात करावी.